आवाज कोठला?

साखरखेर्ड्याच्या एका भगिनींनी या सदराकडे प्रश्न पाठविला आहे. त्यांचे कुटुंब एकत्र असून घरात सर्वांत वडील म्हणजे त्यांचे मामंजी, वय वर्षे चौऱ्याऐंशी. दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांचे वाचन सुटले, आणि रात्री झोप लागेपर्यंत उशाशी असलेला जुना ट्रान्झिस्टर हाच काय तो त्यांचा सोबती उरला. गेल्या दिवाळीपासून ते सकाळी चहाच्या वेळी सांगू लागले की, रात्री अकरानंतर मला कोलंबो लागते. एक गृहस्थ सावकाश बोलतात, मध्ये गाणे होते, मग आवाज दूर दूर जातो आणि थोड्या वेळाने पुन्हा जवळ येतो. घरातील मंडळींनी दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच जागी काटा नेऊन पाहिला, तो नुसती खरखर! अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा नातू म्हणाला, आजोबांना जुन्या आठवणी ऐकू येत असाव्यात. धाकट्या दिरांनी डॉक्टरांना दाखवावे असे सुचविले. मामंजी तेव्हापासून त्या विषयावर बोलेनासे झाले आहेत. हा त्यांचा भास म्हणावा की काय, असे भगिनी विचारतात.

प्रश्न वरवर रेडिओचा दिसतो. पण घरातील एका वृद्धाच्या शब्दास किती किंमत द्यावी हा त्याच्या पोटातला प्रश्न आहे, आणि म्हणून आज सर्व जागा त्यासच देत आहोत.

प्रथम दुपारच्या परीक्षेविषयी. ती परीक्षाच नव्हे. मध्यमलहरींवरील दूरचे केंद्र दिवसा न लागणे आणि रात्री लागणे हाच सृष्टीचा नियम आहे. भूपृष्ठापासून सुमारे साठ किलोमीटरांपासून वर, सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे हवेतील कण विद्युद्भारित होतात व त्यांचे थरावर थर बनतात. यांस आयनावरण म्हणतात. त्यांतील सर्वांत खालचा थर साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर असतो. तेथे हवा त्यामानाने दाट असल्याने तो मध्यमलहरींना परतवून न लावता गिळून टाकतो. दिवसभर आपणांस जे ऐकू येते ते जमिनीलगत सरपटत आलेल्या लहरींमुळे, आणि त्यांचा पल्ला बेताचाच. सूर्य मावळला की हा खालचा थर थोड्याच वेळात विरून जातो. वरचे थर मात्र रात्रीही शिल्लक राहतात. मग शंभर किलोमीटर आणि त्याहून उंच गेलेली लहर तेथून मुरडून खाली येते व हजार-दीड हजार किलोमीटरांवर जमिनीस टेकते. सन १९०१ मध्ये मार्कोनीचा संदेश अटलांटिक महासागर ओलांडून गेला, तेव्हा पृथ्वी गोल असता लहर वळली कशी याचे कोडे पडले होते. पुढच्याच वर्षी केनेली व हेविसाइड यांनी आकाशातील अशा आवरणाची कल्पना मांडली आणि १९२४ साली अॅपल्टन यांनी ते प्रयोगाने सिद्ध केले. त्यांना १९४७चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९४७ साली कलकत्त्याच्या प्राध्यापक शिशिरकुमार मित्र यांचा वरच्या वातावरणावरील थोर ग्रंथ प्रसिद्ध झाला, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे.

आवाज दूर जाऊन पुन्हा जवळ येतो, हे मामंजींचे म्हणणेही याच्याशी जुळते. एकाच केंद्राची लहर दोन वाटांनी, कमी-अधिक उंचीवरून परतून येते. त्या दोघी कधी एकमेकींस साथ देतात, कधी एकमेकींस मारून टाकतात. आकाशातील थर सारखे हलत असल्यामुळे हा खेळ काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतच्या अंतराने चालू राहतो. जवळच्या केंद्राचा आवाज दिवसा असा झुलत नाही. तथापि एवढ्यावरून नातवास दोषी धरू नये. मामंजींच्या तारुण्यातले कोलंबोही असेच ये-जा करीत असे; तेव्हा स्मरणातून उठलेला आवाजही त्याच तालावर झुलला तर नवल नाही. पुरावा याहून चोख हवा.

आता कोलंबोविषयी. सन १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री झाले. त्यांना चित्रपटगीतांचे वावडे होते, आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी गाणी सोडली नाहीत, केंद्र सोडले! दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या आग्नेय आशिया सेनापतिमंडळासाठी लंकेत उभारलेले शक्तिमान लघुलहरी क्षेपणयंत्र पुढे रेडिओ सिलोनच्या हाती आले होते. त्यावरून हिंदी गीते घरोघर पोहोचू लागली, आणि १९५२ सालीच सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने तर बुधवारची रात्र आपलीशी केली. पुढे १९५७च्या ऑक्टोबरात विविध भारती निघाली ती या ओढीला उत्तर म्हणूनच. एका सुसंस्कृत, संगीतप्रेमी मंत्र्याने आपल्या देशातील श्रोते परदेशी केंद्राच्या दाराशी नेऊन उभे करावे, ही आमच्या मते त्या दशकातली मोठीच गंमत होय. असो. सांगावयाचे ते हे की, ते जुने कोलंबो लघुलहरींवर लागत असे. म्हणून घरच्यांनी सर्वांआधी पाहावयाचे ते संचाच्या पट्ट्याचे बटण. ते मध्यमलहरींवर असेल, तर मामंजींना ऐकू येणारे केंद्र त्यांच्या तरुणपणाचे कोलंबो नसणार. मात्र ते लंकेतले असणार नाही, असे त्यावरून ठरत नाही. लंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पुत्तलम येथे ४०० किलोवॅट शक्तीचे एक मध्यमलहरी केंद्र ८८२ किलोहर्ट्‌झवर अनेक वर्षे हिंदी, तमिळ वगैरे भाषांतून ख्रिस्ती धार्मिक कार्यक्रम क्षेपित करीत आले आहे. तेथून साखरखेर्डा सुमारे चौदाशे किलोमीटर, म्हणजे रात्रीच्या एका उडीत सहज येण्याजोगे. सावकाश बोलणारे गृहस्थ आणि मध्ये गाणे, हे वर्णन त्याला लागू पडते खरे. पण वर्णन लागू पडणे निराळे आणि ओळख पटणे निराळे.

ओळखीची पहिली खूण संख्या ही आहे, आणि ती घरातील लहान मुलांनाही तपासता येईल. सन १९७८च्या नोव्हेंबरापासून युरोप, आफ्रिका व आशिया या खंडांतील मध्यमलहरी केंद्रे एकमेकांपासून नऊ-नऊ किलोहर्ट्‌झ अंतरावर बसविली गेली. (पूर्वी ज्यास किलोसायकल म्हणत त्यासच आता किलोहर्ट्‌झ म्हणतात.) बसविण्याची युक्ती अशी की, प्रत्येक केंद्राच्या संख्येस नऊने निःशेष भाग जावा. नागपूर ५८५, जळगाव ९६३, राजकोट १०७१, पुत्तलम ८८२: कोणत्याही संख्येतील अंकांची बेरीज करून पाहा, नऊ किंवा नऊच्या पाढ्यातील संख्या येईल. अमेरिकेत मात्र हे अंतर दहाचे आहे. आकड्यांची काच असलेला नवा संच बाजारातून आणला आणि तो अमेरिकी पद्धतीवर लावलेला निघाला, तर तो आपल्या केंद्रांच्या जवळपास अडखळत राहतो. त्याची कळ प्रथम नऊवर फिरवून घ्यावी. जुन्या संचाच्या पाटीवर मीटर लिहिलेले असतात. तीन लक्षांस मीटरांनी भागले की किलोहर्ट्‌झ मिळतात. ३४० मीटर म्हणजे ८८२. काटा नेमका कोठे आहे हे जुन्या पाटीवर समजत नाही, म्हणून दोन्ही अंगांची ओळखीची केंद्रे शोधून मधले अंतर नऊ-नऊने मोजावे.

येथे एक फसवी गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण तीमुळे चांगले जाणते श्रोतेही चकतात. आपले बहुतेक संच आलेल्या लहरीत स्वतःची एक लहर मिसळून दोहोंच्या अंतरातून ४५५ किलोहर्ट्‌झची तिसरी लहर काढतात, आणि तीच पुढे वाढवितात. संच ६५६वर लावला असता त्याची स्वतःची लहर ११११ असते. आता समजा, बाहेर १५६६वर एखादे प्रचंड केंद्र आहे; १५६६तून ११११ वजा केले तरी ४५५च उरतात! संचास भेद कळत नाही, आणि १५६६चे केंद्र ६५६वर बोलू लागते. ही काही कल्पनेतली संख्या नव्हे. नागपूरचे १००० किलोवॅटचे क्षेपणयंत्र १५६६वरच होते. सन १९८८च्या मेपासून २०१९च्या प्रारंभापर्यंत आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी त्यावरून रात्रभर चाले. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजी आपल्या देशातील नियमित ध्वनिक्षेपण सुरू झाले ते दीड किलोवॅटवर, हे ध्यानी घेतले म्हणजे या यंत्राचा दरारा कळेल. साखरखेर्डा तेथून अवघे तीनशे किलोमीटर. आणि ६५७ ही संख्या कोणाची? कलकत्त्याची! त्या काळी वऱ्हाडातल्या एखाद्या घरी स्वस्त संचावर कलकत्त्याच्या जागी हिंदी किंवा उर्दू बोलणे ऐकू आले असेल आणि कलकत्त्याने भाषा केव्हा बदलली याचा घोळ झाला असेल, तर त्याचे कारण हे होय. अंकांची बेरीज येथे उपयोगी पडते: ६५६ची बेरीज सतरा, नऊच्या पाढ्यात बसत नाही. ज्या जागी केंद्र असूच नये तेथे ते जोराने बोलत असेल, तर त्या संख्येत ९१० मिळवून तेथे तोच कार्यक्रम चालू आहे काय, ते पाहावे.

दुसरी खूण भाषा, असे सर्वांस वाटते. आमच्या मते ती सर्वांत दुबळी. रात्री उर्दू ऐकली की लाहोर किंवा कराची, बंगाली ऐकली की ढाका, असे लोक बेधडक सांगतात. परंतु परक्या देशाशी बोलताना त्याच्याच भाषेत बोलावे लागते. राजकोटच्या १०७१वरून आकाशवाणीने वर्षानुवर्षे उर्दू व सिंधी कार्यक्रम पलीकडच्या श्रोत्यांसाठी पाठविले; कलकत्त्याजवळील चिन्सुरा येथील ५९४च्या शक्तिमान केंद्रावरून २०१६ साली बांगलादेशासाठी मैत्री वाहिनी निघाली. साखरखेर्ड्यास रात्री या केंद्रांवरील उर्दू वा बंगाली लागली, तर ती परदेशाची म्हणावी काय?

भाषेपेक्षा घड्याळ अधिक प्रामाणिक. आपली प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि त्या अर्ध्या तासाचा येथे विलक्षण उपयोग होतो. पाकिस्तान, बांगलादेश, चीन, अरबस्तान येथील घड्याळे ग्रिनिचपासून पूर्ण तासांनी पुढे आहेत. म्हणून तेथे तास पडतो, ठोके वाजतात, बातम्या सुरू होतात, त्या वेळी आपल्या घड्याळात साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. दूरदेशांसाठी बोलणारी आंतरराष्ट्रीय केंद्रेही आपले वेळापत्रक ग्रिनिचवर बांधतात; त्यांची उलथापालथ आपल्या अर्ध्या तासालाच होते. नेपाळ आपल्या पंधरा मिनिटे पुढे आहे, तेव्हा तेथील तास आपल्या पावणेच्या ठोक्यास. आणि जेथील तास आपल्या तासाबरोबर पडतात असे देश या टापूत थोडे आहेत: लंका, ब्रह्मदेश, अफगाणिस्तान, इराण आणि आपण. तेव्हा मामंजींना अकराच्या ठोक्याला केंद्राचे नाव किंवा बातम्या ऐकू आल्या, की साडेअकराला, एवढे एक टिपले तरी अर्धा नकाशा बाजूस सारता येईल.

तासाच्या दोन मिनिटे आधीपासून पुढे पाच मिनिटे संचाजवळून हलू नये. केंद्र आपले नाव सांगते ते बहुधा तेव्हाच. नेमका त्याच क्षणी आवाज बुडतो, असा या छंदातील सर्वांचा अनुभव आहे. आकाशाने मुद्दाम खोडी काढावी तसा! त्यावर उपाय दुसऱ्या रात्री पुन्हा बसणे एवढाच.

केंद्राने सांगितलेले नाव खरेच असते काय, असा प्रश्न कोणी चिकित्सक विचारील. आपल्याच इतिहासात याचे उत्तर आहे. सन १९४२च्या ऑगस्टात उषाबेन मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. तो आपले नाव सांगे, ४२.३४ मीटर ही आपली लहरही सांगे, आणि ठिकाण काय सांगे, तर हिंदुस्थानात कोठेतरी! लघुलहर आकाशातून परतून दूर दूर ऐकू जाई, पण ऐकणाऱ्यास ती कोणत्या गल्लीतून निघाली हे कळण्यास मार्ग नव्हता. सरकारची शोधयंत्रे मागावर होती, आणि मंडळी बिऱ्हाडामागून बिऱ्हाड बदलीत होती. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीत पोलिसांचा छापा पडला तो यंत्राच्या कौशल्यापेक्षा माणसाच्या फितुरीने. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. लहर कोणत्या दिशेने आली एवढे यंत्र सांगते. घराचा पत्ता तेवढ्यावरून मिळत नाही.

दिशा मात्र घरच्या घरीही थोडीफार काढता येते. ट्रान्झिस्टरच्या पोटात एक काळी फेराइटची कांडी आडवी बसविलेली असते, आणि मध्यमलहरी तीच पकडते. संच सपाट ठेवून सावकाश फिरविला असता एका स्थितीत आवाज पार क्षीण होतो. त्या वेळी कांडीचे टोक केंद्राकडे असते. दिवसा एखाद्या ओळखीच्या केंद्रावर हा प्रयोग करून पाहावा, म्हणजे हात बसतो. रात्री आकाशमार्गे येणाऱ्या लहरीबाबत हे क्षीणस्थान अस्पष्ट होते व हलते, म्हणून पाचसहा वेळा पाहून मध्यम काढावा. कांडीस दोन टोके असल्याने उत्तरही दुहेरी येते. साखरखेर्ड्याहून पुत्तलम दक्षिणेस, किंचित पूर्वेकडे. त्याच रेषेचे दुसरे टोक उत्तरेस दिल्ली-पंजाबाच्या बाजूला जाते. राजकोट मात्र पश्चिमेकडे असल्याने त्याचा घोटाळा होणार नाही.

पत्रातील एका वाक्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो: "पूर्वी हे केंद्र त्यांना कधी लागत नसे." नातवाने यावरून भासाचा निष्कर्ष काढला. परंतु गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने आपली अनेक मध्यमलहरी क्षेपणयंत्रे बंद केली आहेत. एक केंद्र मिटले की त्याची जागा रिकामी होते, आणि त्याच संख्येवर किंवा शेजारी दूर देशी बोलणारे, इतकी वर्षे दबून राहिलेले केंद्र वर येते. वाड्यातले बिऱ्हाड उठून गेल्यावर पलीकडच्या आळीतले बोलणे ऐकू यावे तसेच हे. आपली केंद्रे मिटताहेत याचे आम्हांस दुःख आहे. वीज नसता, जाळे नसता, दोन सेलांवर खेडोपाडी पोहोचणारे दुसरे साधन अद्याप नाही. परंतु त्याच कारणाने मामंजींचा अनुभव अधिक संभवनीय ठरतो. छापील याद्यांवरही यामुळे फार विसंबू नये, कारण त्यांतील कित्येक केंद्रे आता केवळ कागदावर आहेत.

आता करावयाचे काय? नातवाने रात्री पावणेअकरा वाजता आजोबांच्या खाटेशी वही घेऊन बसावे. काटा आजोबांनीच लावावा. दोघांनी ऐकावे, पण मध्ये एकमेकांस काही सांगू नये. नातवाने आपले टिपण लिहावे आणि आजोबांचे नंतर, ते सांगतील त्याच शब्दांत, वेगळ्या पानावर उतरावे. कोलंबो ऐकावयाचे म्हणून बसलेल्या कानाला कोलंबो ऐकू येते, आणि भास सिद्ध करावयाचा म्हणून बसलेल्या कानाला खरखर. टिपणात केंद्राचे नाव लिहू नये; संख्या, मिनिटासह वेळ, पुरुष की स्त्री, कोणते वाद्य, ऐकू आलेला एखादा शब्द आणि आवाज बुडण्याची वेळ एवढेच असावे. दहा रात्रींची पाने जमली की ती ताडून पाहावीत. आकाशवाणीचे केंद्र असल्याचा संशय आल्यास प्रसारभारतीच्या मोबाइलवरील ॲपवर तोच कार्यक्रम चालू आहे काय हेही पाहता येईल. मात्र मोबाइलवरील आवाज काही सेकंद मागे असतो, त्यामुळे घाईने निकाल देऊ नये. आणि दोघांची पाने जुळली, तर सकाळच्या चहाच्या वेळी, सर्वांदेखत, ती नातवानेच वाचून दाखवावीत.

बसण्याची जागा व ऋतू यांविषयी थोडे. उन्हाळा-पावसाळ्यात दूरच्या विजांचे कडकडाट संचात शिरतात, म्हणून कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या रात्री उत्तम. पण हल्ली विजांपेक्षा घरातलीच उपकरणे अधिक त्रास देतात. एल्‌ईडीचे दिवे, मोबाइल चार्ज करण्याची पेटी, इन्व्हर्टर ही सर्व मध्यमलहरींवर घोंगावत असतात. संच भिंतीपासून दूर, शक्य तर गच्चीवर न्यावा, आणि सेलांवर चालवावा. गावात वीज गेली तर इन्व्हर्टर लावण्याची घाई करू नये. त्या अर्ध्या तासात जे ऐकू येईल ते एरवी महिनाभरात येणार नाही. मामंजींना मात्र गच्चीवर कानटोपी घालूनच न्यावे.